साठ कार्डं, एक स्थिर चेहरा

३ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी ७.४०

आजपासून नोंदी. लॅबमध्ये रोज लॉगबुक लिहिते, तर घरचंही एक असावं. ही वही दुसऱ्या कोणी वाचायची नाही.

परिस्थिती अशी. ताईची मुलगी, वय सहा, घरातलं नाव भिंगरी, कारण एका जागी बसत नाही. पहिलीत आहे आणि वाचता येत नाही. सुटी अक्षरं सगळी ओळखते. पण अक्षराला काना, मात्रा, वेलांटी, उकार काही लागलं की गाडी अडते. 'का', 'की', 'कू', 'को' हे सगळे 'क'चे नातेवाईक आहेत एवढं तिला कळतं, कोण काका आणि कोण मामा ते कळत नाही.

शाळेतल्या बाईंची चिठ्ठी आली आहे. २० मार्चला वाचनाची तपासणी. वीस शब्द. चौदा आले तर दुसरीत, नाही तर पुन्हा पहिलीत. बाई शाळा सुटल्यावर जादा वर्ग घेतात, दहाच मुलांचा. भिंगरीसाठी एक जागा ठेवली आहे, शुक्रवारपर्यंत कळवा.

ताई हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. पुढचे दोन महिने दुपारची पाळी, म्हणून भिंगरी संध्याकाळी माझ्याकडे. ताई म्हणाली, घालूया का गं त्या वर्गात? मी म्हटलं, बाराखडीत बारा रूपं, हातात सहा आठवडे. आठवड्याला दोन. यात वर्ग कशाला? ताई म्हणाली, तुला पोरांचा अनुभव नाही. मी म्हटलं, मला वजनकाटे तपासण्याचा आहे. ती म्हणाली, काटा टेबलावरून उठून पळत नाही बाई. पण हसली, आणि म्हणाली, तुला वाटतंय ना जमेल, मग झालं.

चिठ्ठीच्या मागे मीच उत्तर लिहिलं. 'आवश्यकता नाही.'

४ फेब्रुवारी, मंगळवार

साहित्य तयार. पाच अक्षरं गुणिले बारा, म्हणजे साठ कार्डं. लॅमिनेट केली. टेबल, दिवा, दोन समोरासमोर खुर्च्या. तिचे डोळे ते कार्ड, अंतर चाळीस सेंटिमीटर. पट्टीने मोजलं. कार्ड मी छातीपाशी धरायचं, तिने वाचायचं, मी नोंदवायचं.

नियम: इशारा नाही, मान हलवायची नाही, 'शाब्बास' नाही. चेहरा पूर्ण स्थिर. हे मला अवघड नाही. लॅबमधले साहेब म्हणतात, तुझ्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं, पण भिंतीला निदान तडे जातात. कौतुक म्हणून नोंदवते.

पहिली चाचणी: साठपैकी १९. सुरुवात म्हणून ठीक.

६ फेब्रुवारी, गुरुवार

२४. भिंगरी अकरा वेळा खुर्चीवरून उतरली. दोनदा पाणी, एकदा खिडकीतलं मांजर, बाकीची कारणं अज्ञात. दोष खुर्चीचा आहे. पाय लोंबकळतात. उद्या खाली खोका ठेवायचा.

१० फेब्रुवारी, सोमवार

३८!

खोक्यामुळे. एकदाही उतरली नाही. टक लावून माझ्याकडे बघते, दोन-तीन सेकंद थांबते आणि उत्तर देते. त्या सेकंदांत ती विचार करते हे स्पष्ट दिसतं.

ताईला मेसेज केला की पद्धत लागू पडली आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

५१. कार्डं पत्त्यांसारखी पिसून दिली, तरीही ५१. म्हणजे पाठांतर नाही. हा मुद्दा मी मुद्दाम तपासला. दुसऱ्या कोणी तपासला नसता.

चुका नऊ, आणि नऊच्या नऊ ऱ्हस्व-दीर्घात. 'कि'ला 'की', 'मू'ला 'मु'. ऱ्हस्व-दीर्घाची वीस कार्डं सोडली तर बाकी चाळीसांत शून्य चूक. इतकी स्वच्छ आकडेवारी मी लॅबमध्येसुद्धा पाहिलेली नाही. ऱ्हस्व-दीर्घ मोठमोठ्यांचं चुकतं. तो विषय सोडून दिला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आता पूर्ण शब्द. वीसपैकी १७.

ताईला आलेख पाठवला. तिने आलेख सोडून व्हिडिओ मागितला. तो बघून म्हणाली, अगं, ही कार्डाकडे कुठे बघतेय? तुझ्या तोंडाकडे बघतेय. मी म्हटलं, नजरेला नजर देऊन उत्तर देते, त्याला आत्मविश्वास म्हणतात. ताई म्हणाली, माझ्याशी बोलताना तर डोळे जमिनीत असतात. मी म्हटलं, तुझ्याकडे पद्धत नाही.

हे बोलायला नको होतं. आठ तास उभं राहून आली होती. पण चुकीचं नव्हतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत साहेबांना आलेख दाखवला. त्यांनी विचारलं, कार्ड कोण धरतं? मी. उत्तर कोण नोंदवतं? मी. उत्तर आधीपासून कोणाला माहीत असतं? अर्थात मलाच. साहेब 'हं' म्हणाले आणि डबा बंद केला.

साहेबांना मुलं नाहीत. त्यांना यातलं काय कळणार.

१ मार्च, शनिवार

बाहेर सराव. कापडाच्या दुकानाची पाटी वाचायला सांगितली. भिंगरीने पाटी बघितली, मग मला बघितलं. मी पाटीकडे बघत होते. तिने बाही ओढली, मावशी, इकडे बघ ना. मी म्हटलं, मी कशाला, तू वाच. तिने काहीही वाचलं नाही.

कारण: अक्षरं नक्षीदार होती.

औषधाच्या दुकानाची पाटी साध्या अक्षरात होती. तीही वाचली नाही. कारण: रहदारीचा आवाज. घरी आल्यावर कार्डांवर ५२. म्हणजे दोष रस्त्यात आहे.

९ मार्च, रविवार

ताईला सुट्टी. म्हणाली, आण ती कार्डं, मी घेते. एका हातात फोन, कोणाशी तरी पाळी बदलण्याबद्दल बोलणं चालू, दुसऱ्या हातात कार्ड. साठपैकी १४.

ताईचा चेहरा पडला. म्हणाली, अगं, हिला काही येत नाही! मी म्हटलं, तू अख्खा वेळ बडबडत होतीस, मूल गोंधळणार नाही तर काय. भिंगरी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, मावशी, आईला सांग ना, कार्ड धरल्यावर बोलायचं नसतं, मग काही दिसत नाही.

बघा. सहा वर्षांच्या मुलीलाही चाचणीची शिस्त कळते.

१२ मार्च, बुधवार. संध्याकाळी ६.५०

दुपारी दाढ काढली. डावा गाल, अर्धा ओठ बधिर, तोंडात कापूस. तरी सराव चुकवला नाही.

साठपैकी ११.

पहिली दहा कार्डं गेली तेव्हा वाटलं, थट्टा करते आहे. विसाव्या कार्डाला ती खुर्चीवरून उतरली, माझ्याजवळ आली, माझा खालचा ओठ बोटाने उचलून बघितला आणि म्हणाली, मावशी, आज तुझं तोंड चालत नाहीये.

कापसातून विचारलं, म्हणजे काय?

मग तिने समजावून सांगितलं. मंद माणसाला सांगतात तसं, सावकाश. 'का' असला की तू अशी करतेस. 'की' असला की अशी. 'को' असला की अशी. तिने माझे तीन चेहरे करून दाखवले. तिसरा फारच ओंगळ होता.

मी विचारलं, कधीपासून बघतेस? ती म्हणाली, खोका ठेवलास ना, तेव्हापासून. त्याच्यावर पाय ठेवला की नीट दिसतं. तूच तर हळूच दाखवतेस ना मला?

तिला वाटत होतं, वाचन यालाच म्हणतात.

१३ मार्च, गुरुवार

बधिरपणा गेला. आरशासमोर बसले, कार्डं धरली, फोनवर रेकॉर्ड केलं.

खरं आहे. कार्ड उचलताच ओठ आपोआप त्या आवाजाचा आकार घेतात. 'को'ला ते पुढे येतात, चांगले पाच मिलिमीटर. 'की'ला मी हसते. मी! वेलांटीच्या प्रत्येक कार्डाला पाच आठवडे मी त्या पोरीकडे बघून हसत होते आणि मला पत्ता नाही.

लॅबमधल्या बारीक काट्याला काचेची पेटी असते. माणसाच्या नुसत्या श्वासाने काटा हलतो म्हणून. नव्या लोकांना हे मी पहिल्या दिवशी शिकवते.

आणि त्या नऊ चुका. ऱ्हस्व असो की दीर्घ, ओठ सारखेच दिसतात. आकडेवारी सगळं सांगत होती. मी तिला 'स्वच्छ' म्हटलं.

ताईला आज सांगायचं.

ताई दमून आली. उद्या.

१४ मार्च, शुक्रवार

अर्धा दिवस रजा टाकून शाळेत गेले. बाईंना विचारलं, जादा वर्गात एखादी जागा असेल का, सहज चौकशी करते आहे. बाईंनी कपाटातून चिठ्ठी काढली, उलटी केली. म्हणाल्या, हे अक्षर तुमचं ना? 'आवश्यकता नाही.' दहाच्या दहा जागा भरल्या हो तेव्हाच. का, काही अडचण?

मी म्हटलं, नाही, अडचण काही नाही.

हे वाक्य मी का उच्चारलं हे सांगता येणार नाही. ताईला आजही सांगितलं नाही. आधी उपाय, मग कबुली. हा क्रम योग्य वाटतो.

१६ मार्च, रविवार

उपाय १: चेहऱ्यासमोर वही धरली. १६. भिंगरी टेबलाखालून वाकून बघत होती.

उपाय २: नाका-तोंडावर रुमाल बांधला. ती बराच वेळ रुमालाकडे बघत बसली. मग विचारलं, मावशी, तू रागावलीस का? मी म्हटलं, नाही, वाच. दुसरं कार्ड. रागावलीस का? नाही. तिसऱ्या कार्डाला ती रडायला लागली. जोरात नाही. नाक ओढत, पाय खोक्यावर तसेच नीट ठेवून.

मी रुमाल काढला. ती लगेच थांबली आणि माझा चेहरा बघून म्हणाली, घाबरलीयेस होय.

सराव बंद केला.

१८ मार्च, मंगळवार

वीस शब्दांपैकी ६.

ताईने विचारलं, कसं चाललंय? मी म्हटलं, आलेख स्थिर आहे. हे खोटं नाही. सहा दिवसांत मी त्यात काही भरलेलं नाही.

ताई म्हणाली, तुझ्यामुळे माझ्या डोक्याचा एक ताप गेला बघ. मी चहा ठेवायला उठले.

१९ मार्च, बुधवार

शांतपणे विचार केला. काही उपकरणं एका ठरावीक माणसाच्या हाताखाली अचूक चालतात, दुसऱ्याच्या हाताखाली नाही. तिथे त्या माणसाची उपस्थिती ही चाचणीची अटच मानायची. याला फसवणूक म्हणत नाहीत. तिला दुसरीत जाऊ द्यावं, मग सुट्टीत मी तिला खरंखुरं शिकवीन, योग्य पद्धतीने, पाठीमागे बसून.

बाईंना फोन केला. म्हटलं, मुलगी जरा बुजरी आहे, मी खोलीत थांबले तर चालेल का? बाई म्हणाल्या, बुजरी? परवा बाकावर उभी राहून वर्गाला नाच शिकवत होती. बरं, या.

भिंगरीला यातलं काहीच सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

२० मार्च, गुरुवार. दुपारी १.१०

लिहिणार नाही.

संध्याकाळी ६

लिहिते. नोंद ती नोंद.

बुटक्या बाकांची खोली. बाई टेबलाशी, समोर भिंगरी, दोघींच्या मध्ये शब्दांचा कागद, ठसठशीत अक्षरांत. मी बाईंच्या मागे खिडकीपाशी. तिथून कागद दिसत होता. बाई पेन्सिलीने एकेक शब्द दाखवत होत्या. भिंगरी कागद बघायची, वर बघायची, सांगायची. दहापैकी दहा. मला आनंद झाला. हेही नोंदवते.

अकरावा शब्द 'भोवरा'. बाई मान न वळवता म्हणाल्या, काय गं, माझ्या डोक्यावरून कुठे बघतेस? भिंगरी खोटं बोलत नाही. म्हणाली, मावशीकडे.

बाई वळल्या.

माझे ओठ 'भो'वर होते. ते मागे घेता आले नाहीत. आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो, मी तशाच तोंडाने. मग मी खोकल्याचं नाटक करायला गेले. त्या आकाराच्या तोंडातून खोकला निघत नाही, शिट्टी निघते. निघाली. बारीक.

वय वर्षं सत्तावीस. पदवीत वर्गात पहिली.

बाई म्हणाल्या, तुम्ही बाहेर बसा. अगदी हळू आवाजात, पहिलीतल्या मुलाला सांगतात तसं. मी दारापर्यंत पोहोचले तेव्हा मागून भिंगरीचा आवाज आला, बाई, मावशीला ओरडू नका ना, तिला सगळं येतं.

उरलेल्या दहात तिला तीन आले.

व्हरांड्यात बाई मला म्हणाल्या, पोरगी भारी हुशार आहे हो. तोंडावरून अक्षर ओळखायचं, तेही कोणी न शिकवता! ती डोकं लावत होती, पण कागदावर लावायचं सोडून तुमच्यावर लावत होती. आजची तपासणी धरत नाही मी. ३ एप्रिलला पुन्हा घेते. तोवर माझ्या वर्गात अकरावी खुर्ची टाकते. तुम्ही फक्त गेटपाशी सोडा. आत येऊ नका.

मी 'धन्यवाद' म्हटलं. ओठ शक्यतो न हलवता.

२१ मार्च, शुक्रवार

ताईला सांगितलं नाही. तिची सलग चौथी पाळी होती. शिवाय घरात भाजी चिरणं वगैरे चालू होतं. शिवाय.

२३ मार्च, रविवार

ताईला सांगितलं. टाळलेलं वाक्य मोठं वाटतं, म्हणायला लागले तर चार सेकंदांत संपलं.

तिला माहीत होतं. बाईंनी गुरुवारीच फोन केला होता. तीन दिवस ती वाट बघत होती, मी कधी बोलते त्याची. दोनदा तर मुद्दाम माझ्यासमोर येऊन बसली होती. मला वाटलं, पाय दुखतात म्हणून बसली.

म्हणाली, पोरगी नापास होईल म्हणून मला राग नाही. तू कार्डं दाखवलीस, तोंडं केलीस, त्याचाही नाही. मी म्हणत होते ना वर्गात घालूया? तू नको म्हणालीस, मी ऐकलं. मला वाटलं, तुला माहीत असेल. तुला नेहमी सगळं माहीत असतं ना.

हे कौतुक म्हणून नोंदवता येत नाही.

मी म्हटलं, मला खरंच वाटत होतं की माझ्या चेहऱ्यावर काही दिसत नाही. ताईला एवढ्या रागातही हसू आलं. म्हणाली, तुझ्या? अगं, लहानपणी तू डब्यातलं बिस्किट घेतलंस की आई तुझं नुसतं तोंड बघून सांगायची, एक की दोन.

मग हसू पुसून भांडी आवरायला लागली. मला ती हसत राहायला हवी होती.

३ एप्रिल, गुरुवार

बारा. दोन कमी.

बाईंनी गेटपाशी येऊन सांगितलं. बारा स्वतःचे, कागदावर बघून, बोट ठेवून. दहा दिवसांत एवढं खूप आहे, म्हणाल्या, अजून एक महिना मिळाला असता तर. वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. दोन शब्दांनी सोडता येणार नाही का, असं मी विचारलं. म्हणाल्या, दुसरीत परिच्छेद वाचायचे असतात, तिथे बसवून रोज रडवू का तिला?

जागा ७ फेब्रुवारीपासून होती. मधले दिवस किती आणि त्यांत किती शब्द झाले असते, हा हिशेब मला करता येतो. केला. इथे लिहीत नाही.

५ एप्रिल, शनिवार

ताई कामावर. भिंगरी माझ्याकडे. आली ती दप्तर घेऊन, आणि पुस्तकं जमिनीवर मांडली. म्हणाली, कव्हर बदलून दे. पुस्तकं जुनीच आहेत, पण नवीन मुलांना ते कळायला नको.

सहा पुस्तकं. कडा मोजून, दोन्हीकडे तीन-तीन सेंटिमीटर आत दुमडून. ती शेजारी मांडी घालून बसली. विचारलं, माझ्या शेजारची दोन वेण्यांची मुलगी वरच्या मजल्यावर जाणार ना? मी म्हटलं, हो. मधल्या सुट्टीत खाली येईल ना? मी म्हटलं, येईल. मला माहीत नाही. येईल असं म्हटलं.

मग म्हटलं, भिंगरी, हे माझ्यामुळे झालं. तुझी काही चूक नाही. चूक माझी आहे.

तिने यावर विचार केला. म्हणाली, मग तू बस ना पहिलीत. मी जाते वर.

कात्री शोधत राहिले. कात्री हातातच होती.

लेबलं तिला स्वतः लिहायची होती. सहा लेबलं, सहा विषय. मी खुर्ची खिडकीकडे फिरवली आणि तिच्याकडे पाठ करून बसले. मागे पेन्सिल घासण्याचा आवाज, खोडरबर, पुन्हा पेन्सिल. ती आवाज जोडून जोडून स्वतःशी पुटपुटत होती. एक शब्द बराच वेळ अडला. मी तोंड घट्ट मिटून बसले. समोर फक्त रस्ता होता, तरीही.

मध्येच पेन्सिल थांबली. मागून तिने विचारलं, मावशी, तू रडतेयस?

मी म्हटलं, तुला काय माहीत? माझी पाठ आहे तुझ्याकडे.

ती म्हणाली, पाठ दिसते की.